गोष्ट दुरुस्त करण्याचा अधिकार

एखाद्या गावाचे भले व्हावे या हेतूने तेथे गेलेल्या शिकलेल्या माणसाला त्या गावाची गोष्ट सांगण्याचा अधिकार असतो काय? हा प्रश्न वरवर पाहता साहित्याचा वाटतो; परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास तो नीतीचा आहे हे ध्यानात येते. जो साक्षरतेचा वर्ग चालवतो, विहीर खणण्यास साहाय्य करतो, आरोग्याची माहिती देतो, तो काही काळाने त्या लोकांविषयी बोलूही लागतो. अहवाल लिहितो, लेख लिहितो, क्वचित नाटक किंवा कादंबरीही लिहितो. लोकांची दुःखे त्याच्या लेखणीतून जगापुढे येतात आणि बरेचदा त्यांच्यासोबत त्याचेही नाव होते. याला परोपकार म्हणावे की एक सभ्य प्रकारची उचलेगिरी?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्या परिचयाची आहेत. पहिले उत्तर असे की, ज्याची गोष्ट त्यानेच सांगावी, इतरांनी त्या वाटेला जाऊ नये. दुसरे असे की, कलावंताला कुंपण नसते. तो कोणाच्याही अंतरंगात शिरू शकतो. पहिले मान्य करावे तर जगातील निम्मे साहित्य रद्द होते. दुसरे मान्य करावे तर ज्याला बोलता येते त्याने मुक्याच्या घरातून काहीही उचलून न्यावे, असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही उत्तरे गोष्ट सांगणारा कोण, एवढेच विचारतात. सांगितलेली गोष्ट चुकली तर ती दुरुस्त कोण करणार, हे कोणीच विचारीत नाही. माझ्या मते खरा नैतिक प्रश्न तेथे आहे. तो केवळ तर्काने सुटण्यासारखा नसल्याने एका गावाची हकिगत थोडी सविस्तर पाहू.

केनियाची राजधानी नैरोबी. तिच्या वायव्येस लिमुरू नावाचा चहामळ्यांचा थंड, उंच प्रदेश आहे. त्या परिसरातील कामिरिथू हे गाव मुळात कोणी हौसेने वसवलेले नव्हे. १९५२ साली इंग्रज सरकारने माउ माउ बंडाविरुद्ध आणीबाणी पुकारली आणि विखुरलेल्या गिकुयू शेतकऱ्यांना त्यांच्या जागांवरून उठवून पहाऱ्याखालच्या वस्त्यांत आणून बसवले. कामिरिथू ही त्यांपैकी एक वस्ती. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला, पहारे उठले, वस्ती मात्र तशीच राहिली. गावातील काही लोक चहामळ्यांवर राबत, काही लिमुरूच्या बूट-कारखान्यात, आणि पुष्कळांना धड कामच नव्हते. जमिनीसाठी लढलेल्या या माणसांना स्वातंत्र्यानंतर जमीन मिळालीच नव्हती.

या गावाजवळ प्रसिद्ध कादंबरीकार न्गूगी वा थिओंगो राहत असत. ते नैरोबी विद्यापीठात साहित्य शिकवीत आणि त्यांची पुस्तके इंग्रजीत होती. १९७६ साली एके दिवशी सकाळी गावातील एक स्त्री त्यांच्या दारात उभी राहिली. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते, की तुम्ही एवढे शिकलात, पुस्तके लिहिता, असे ऐकतो. मग त्या शिक्षणातले थोडे गावाला का देत नाही? गावात युवकांसाठी म्हणून एक केंद्र होते, ते मोडकळीला आले होते. ते उभे करण्यासाठी हात लावा, असा तिचा आग्रह. ती एकदा येऊन थांबली नाही. पुन्हा पुन्हा आली. विकासकार्याच्या इतिहासात शहाणी माणसे खेड्याचे दार ठोठावताना आपण नेहमी पाहतो. येथे खेड्याने दार ठोठावले, ही बाब पुढील सर्व विवेचनात विसरता कामा नये.

या कामात थिओंगोंच्या सोबतीला आला तो एक तरुण अभ्यासक, न्गूगी वा मिरी. (दोघांच्या नावातील सारखेपणाने वाचकाने गोंधळू नये. 'वा' म्हणजे 'चा'. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते, तेथे ते 'वा' लावून मागे येते, इतकेच.) मिरी तेव्हा जेमतेम पंचविशीचा. तो त्याच लिमुरू भागातला, आणि नैरोबी विद्यापीठाच्या विकास-अध्ययन संस्थेत प्रौढशिक्षणाचे काम करणारा. ब्राझीलच्या पाउलो फ्रेइरे यांनी मांडलेली साक्षरतेची पद्धत त्या काळी आफ्रिकेतील तरुण अभ्यासकांच्या मनात घर करून होती. अक्षर शिकवताना 'अ'पासून सुरुवात करू नये. शिकणाऱ्याच्या आयुष्यातील एखाद्या जळत्या शब्दापासून करावी, त्या शब्दावर बोलणे व्हावे आणि बोलता बोलता अक्षरे यावीत, असा तिचा आशय. कामिरिथूत असे शब्द शोधावे लागले नाहीत. जमीन, मजुरी, कर्ज, दारू हे शब्द प्रत्येकाच्या जिभेवर होतेच.

साक्षरतेच्या वर्गातून नाटक निघाले. मराठी वाचकाला येथे जोतीराव फुले यांचे १८५५ चे 'तृतीय रत्न' आठवेल. जोशाकडून नागवले गेलेले एक कुणबी जोडपे शेवटी रात्रीच्या शाळेची वाट धरते, अशी त्याची रचना. अक्षर आणि नाटक यांची सोयरीक आपल्यालाही नवी नाही. कामिरिथूत मात्र क्रम उलटा होता. शाळेत आलेल्या माणसांना आपली गोष्ट रंगमंचावर हवी होती आणि तिचा कच्चा आराखडा लिहिण्याचे काम त्यांनी दोन्ही न्गूगींवर सोपवले. नाटकाचे नाव 'न्गाहिका न्देंदा', म्हणजे 'माझ्या मनात येईल तेव्हा मी लग्न करीन'. किगुंदा नावाच्या शेतमजुराजवळ दीड एकर जमीन आहे. तिचा कागद त्याने घराच्या भिंतीवर मानाने टांगलेला. धनिक कियोई आणि त्याचे भागीदार यांना तेथे परदेशी भांडवलावर कारखाना काढायचा आहे. किगुंदा आणि त्याची बायको यांचे लग्न रूढीप्रमाणे झालेले. ते चर्चमध्ये पुन्हा लागले पाहिजे असा धार्मिक आग्रह त्यांच्या गळी उतरवला जातो, त्या समारंभासाठी कर्ज काढले जाते आणि कागद भिंतीवरून उतरतो. गोष्ट एवढीच. लग्नापायी जमीन गहाण पडणे ही घटना समजण्यासाठी आपल्याकडच्या कोणालाही केनियाचा भूगोल ठाऊक असण्याची आवश्यकता नाही.

एप्रिल १९७७ च्या सुमारास आराखडा तयार झाला आणि तो गावापुढे वाचला जाऊ लागला. या वाचनांतच विद्यापीठाच्या पदव्या गळून पडल्या. म्हातारा माणूस असा बोलत नाही, त्याच्या तोंडी म्हण यायला हवी, असे म्हातारे उठून सांगू लागले. लग्नातील गाण्यांचा क्रम चुकला आहे, हे बायकांनी दाखवून दिले. आणीबाणीच्या काळात नळाच्या तुकड्यांपासून बंदुका कशा घडवीत, याविषयी ज्यांनी तो काळ जगला होता त्यांच्यात आपसांतच तपशिलाचा वाद झाला. कारखान्यातील मजुराने आपली दिवसाची मजुरी आणि त्या दिवसात आपल्या हातून निघालेल्या मालाची किंमत यांचा हिशेब मांडला, आणि तो हिशेब संवादात गेला. नाट्यगृहही त्यांनीच बांधले. काड्यापेटीच्या काड्या जमिनीवर मांडून आधी नकाशा ठरला, मग सुमारे दोन हजार माणसे बसतील असा उघडा प्रेक्षागार श्रमदानातून उभा राहिला. मजुरांना सुटी मिळे ती आठवड्याच्या अखेरीस, म्हणून तालमी तेव्हाच होत आणि त्या सर्वांना खुल्या असत. दिग्दर्शन किमानी गेचाउ या विद्यापीठातील प्राध्यापकाचे होते; पण दिग्दर्शकालाही टोकणारी माणसे कुंपणावर बसलेली असत. २ ऑक्टोबर १९७७ रोजी पहिला प्रयोग झाला तेव्हा अनेक प्रेक्षकांना संवाद आधीच पाठ होते.

आता याच्या शेजारी त्याच दशकातला दुसरा एक उपक्रम ठेवून पाहावा, म्हणजे भेद स्पष्ट होईल. १९७४ साली बोत्स्वानाच्या बोकालाका भागात 'लाएद्झा बातानानी' या नावाने लोकनाट्याची मोहीम सुरू झाली. प्रौढशिक्षणाचे तळमळीचे कार्यकर्ते तिच्या मागे होते. गावोगाव जाऊन नाटक, गाणी, बाहुल्यांचा खेळ करावा, आरोग्य, गुरांची चोरी अशा विषयांवर लोकांना बोलते करावे, प्रयोग संपल्यावर चर्चा घडवावी, अशी योजना. हेतूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. लोक येत आणि बोलतही. तरीही काही वर्षांनी रॉस किड आणि मार्टिन बायरम या तिच्या सूत्रधारांनीच तिच्यावर कठोर लेखन केले. विषयांची निवड गावातील प्रतिष्ठित आणि सरकारी माणसे यांच्या विचाराने होत गेली, आणि गरिबाच्या गरिबीची कारणे त्याच्याच सवयींत शोधण्याकडे नाटकांचा कल राहिला, असा त्या टीकेचा रोख. तेथे चर्चा नाटकानंतर होई. कामिरिथूत चर्चा हेच नाटक रचण्याचे साधन होते. पडदा पडल्यावर मत विचारणे हे सौजन्य आहे, आणि सौजन्य वाईट नसते. पण ज्याचे मत तेव्हा विचारले जाते त्याच्या हाती बदलण्यासारखे काहीच उरलेले नसते.

दुरुस्तीचा हा अधिकार नुसत्या सदिच्छेने मिळत नाही. त्यासाठी भाषा अशी लागते, की जिच्यात दुरुस्त करणारा विद्वानाहून सरस असेल. १९७६ साली थिओंगो आणि मिचेरे मुगो यांचे देदान किमाथीवरील नाटक नैरोबीच्या राष्ट्रीय रंगभूमीवर झाले होते. विषय गिकुयू शेतकऱ्यांच्या लढ्याचाच, पण नाटक इंग्रजीत. तेथे बसून एखादा वृद्ध लढवय्या, ही गोष्ट अशी घडली नव्हती, असे कोणत्या भाषेत म्हणाला असता? गिकुयूत लिहायला बसताच प्राध्यापक विद्यार्थी झाले. विकासाच्या क्षेत्रात 'लोकसहभाग' हा शब्द आता इतका झिजला आहे की तो ऐकून कोणी मान वर करीत नाही. सहभाग कोणत्या भाषेत आहे, एवढे जरी विचारले तरी त्यातील बराचसा फोलपणा उघड होईल.

येथे जरा आपल्या घरात डोकावण्याचा मोह होतो. इंदूर-ग्वाल्हेरला किंवा बडोद्याला चार-सहा पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना भाषा दुरुस्त करून घेण्याचा अनुभव भरपूर आहे. पुण्याहून आलेला पाहुणा आपल्या बोलण्यातला हिंदी-गुजराती वळणाचा शब्द टिपतो, हसतो आणि शुद्ध रूप सांगतो. त्या दुरुस्तीने आपण शहाणे होत नाही, केवळ ओशाळतो. वरून खाली येणारी दुरुस्ती ही अशी असते. याच आपण घरी कामाला येणाऱ्या बाईंशी किंवा शेजारच्या माळवी म्हाताऱ्याशी त्यांच्या बोलीत बोलू लागलो की ते आपल्याला टोकतात आणि आपण निमूट सुधारतो. तेव्हा काही वेगळेच घडते. सत्ता क्षणभर जागा बदलते. कामिरिथूत ही अदलाबदल महिनोन्‌महिने चालली आणि सरकारला ती खटकली.

१६ नोव्हेंबर १९७७ रोजी प्रयोगाचा परवाना रद्द झाला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी थिओंगोंना अटक झाली आणि खटल्यावाचून त्यांना कामितीच्या तुरुंगात सुमारे एक वर्ष ठेवण्यात आले. तेथे त्यांनी शौचालयाच्या कागदावर गिकुयूतील आपली पहिली कादंबरी लिहिली. १९८० मध्ये ती छापून आली तेव्हा घराघरांत आणि गुत्त्यांतही ती मोठ्याने वाचली जाई. वाचणारा रंगात आला की नेमका थांबे आणि पेला भरला गेल्यावर पुढे वाची. कीर्तनकाराला पूर्वरंगानंतर मिळणारा विसावा आठवावा असेच हे. तुरुंगातून सुटल्यावर थिओंगोंना विद्यापीठाची जागा परत मिळाली नाही. १९८१ च्या अखेरीस कामिरिथूची मंडळी पुन्हा जमली आणि 'माइतू न्जुगिरा' या नव्या संगीत नाटकाच्या तालमी सुरू झाल्या. फेब्रुवारी १९८२ मध्ये ते राष्ट्रीय रंगभूमीवर व्हायचे होते. गावकरी तेथे पोहोचले तेव्हा दारांना कुलपे होती. मार्चमध्ये केंद्राची नोंदणी रद्द झाली आणि १२ मार्च १९८२ रोजी सशस्त्र पोलिसांनी येऊन ते उघडे नाट्यगृह जमीनदोस्त केले. त्याच वर्षी थिओंगो इंग्लंडला गेले ते परतले नाहीत. मिरी आणि गेचाउ झिंबाब्वेत गेले.

येथे आक्षेपकाला बोलू दिले पाहिजे, कारण त्याचा आक्षेप क्षुद्र नाही. तो म्हणेल, विद्वान आले, त्यांनी गाव पेटवले, आणि विमानात बसून निघून गेले. मागे राहिले ते ढिगारे, आणि पोलिसांच्या वहीत गेलेले गाव. याला विकास म्हणायचे काय? न्गूगींनी तुरुंग भोगला, देश गमावला, हे सांगून या आक्षेपाचे उत्तर होत नाही. एकाने सोसले म्हणून दुसऱ्याचे नुकसान भरून येत नाही; दुःखाचा जमाखर्च असा जुळत नसतो.

तरीही आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. गावाला धोक्याची कल्पना नव्हती, असे ते गृहीत. ज्यांचे गावच लष्करी हुकुमाने वसले, ज्यांच्या घरातील माणसे छावण्यांत सडली, त्यांना सरकार काय करू शकते हे प्राध्यापकांनी समजावून सांगायला हवे होते, असे मानणे ही दया खरी, पण तिच्यात अपमान आहे. गरिबाला फसवता येते, हे खरे. परंतु तो प्रत्येक वेळी फसतोच असे मानणाऱ्याने त्याला आधीच अज्ञान ठरवलेले असते. आणि याहून महत्त्वाचे असे की, १९७७ ची बंदी आणि थिओंगोंची कैद पाहिल्यानंतर हीच माणसे १९८१ मध्ये परत तालमीला आली. पहिल्या वेळची संमती भाबडी म्हणता येईल. दुसऱ्या वेळची नाही.

एवढे मान्य करूनही काहीतरी शिल्लक राहते आणि ते मला सुटत नाही. नाटकाला दिलेली संमती ही नाट्यगृह पाडले जाण्याला दिलेली संमती नव्हे. संकट आल्यावर कोणाला निघून जाण्याची सोय आहे, या बाबतीत समता नव्हती. आणि जोवर विद्यापीठाची पदवी एकाजवळ आहे आणि दुसऱ्याजवळ नाही तोवर ती असणारही नाही. शिकलेल्या माणसाने मग काय करावे? गावात जाऊच नये? त्या स्त्रीने दार ठोठावले तेव्हा ते उघडले नसते, तर थिओंगो सुरक्षित राहिले असते आणि गावही. केवळ सुरक्षितता हीच नीतीची कसोटी असेल तर दार न उघडणे योग्य ठरेल. मला ते पटत नाही, पण ज्यांना पटते त्यांना मी भेकडही म्हणणार नाही.

पुस्तकावरील नावांचा प्रश्नही असाच अवघड आहे. १९८० मध्ये गिकुयूत आणि १९८२ मध्ये इंग्रजीत 'न्गाहिका न्देंदा' प्रसिद्ध झाले ते दोन लेखकांच्या नावाने. म्हण सुचवणारा म्हातारा, गाण्याचा क्रम लावून देणाऱ्या बायका, हिशेब मांडणारा मजूर यांची नावे मुखपृष्ठावर नाहीत. उचलेगिरीचा आरोप येथे पुन्हा डोके वर काढतो. परंतु ज्या देशात मुखपृष्ठावरील नाव आणि अटकेच्या हुकुमावरील नाव एकच असू शकते, तेथे अनामिकता हे कवचही असते. श्रेय वाटून घ्यावे म्हटले तर शिक्षाही वाटली गेली असती. या दोन्हींतील काय न्याय्य, हे गावाला विचारूनच ठरवता आले असते. माझ्या मते नाव कोणाचे, यापेक्षा शब्द बदलण्याची मुभा कोणाला होती, हे पाहणे अधिक न्यायाचे आहे. मात्र ज्यांचे नाव छापले गेले नाही त्यांच्यापैकी कोणी असे म्हणाले असते तर त्याला अधिक वजन असते, हेही खरे.

न्गूगी वा मिरीची उरलेली हकिगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. झिंबाब्वे तेव्हा नुकताच, १९८० मध्ये, स्वतंत्र झालेला. तेथे त्याने गावोगावच्या नाट्यमंडळ्यांना एकत्र आणणारी संघटना उभारण्यात आयुष्य घातले. शोना ही त्याची मातृभाषा नव्हती. लिमुरूला त्याच्याजवळ निदान गावची भाषा होती; येथे तेवढेही भांडवल नसताना काम करायचे होते, म्हणजे दुरुस्त करून घेण्यावाचून गत्यंतरच नव्हते. २००८ मध्ये झिंबाब्वेतच एका रस्ते-अपघातात तो गेला. थिओंगो बावीस वर्षांनी, २००४ मध्ये, मायदेशी भेटीसाठी गेले तेव्हा नैरोबीत त्यांच्यावर आणि पत्नीवर हल्ला झाला. मे २०२५ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

मे २०२२ मध्ये 'न्गाहिका न्देंदा' नैरोबीच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले, गिकुयूत आणि इंग्रजीतही. चाळीस वर्षांपूर्वी जिने कामिरिथूच्या मंडळींना कुलूप दाखवले तीच ही वास्तू. वृत्त ऐकून समाधान वाटले. मग मनात आले, की संहिता आता छापील आहे, तालमी बंद दाराआड होतात, आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक अंधारात शांत बसतो. किगुंदाच्या तोंडचे एखादे वाक्य आज कोणाला खोटे वाटले, तर त्याने ते कोणाला आणि केव्हा सांगावे?